सरकारी दगडाची देवी

कोळ्ळिडम नदीच्या काठावर वनसंशोधन केंद्र काढायला आलेल्या पहिल्या शास्त्रज्ञांनी आम्हाला फसवलं. आम्हाला म्हणजे माझ्या आईला, माझ्या बायकोला आणि मला. माझी मुलगी तर तेव्हा जन्मालाही आली नव्हती, तरी सगळ्यात जास्त फसवलं गेलं ते तिलाच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझा आवाज चढला तर वाचणाऱ्याला निदान कारण ठाऊक असावं.

मी कुंभकोणमचा लाकूडवाला. पापनाशमच्या रस्त्याला माझी वखार आहे आणि मागे सॉ मिल. वडिलांनी मागे काही ठेवलं नाही. तिरुभुवनमच्या विणकरांना मागाची लाकडं सायकलच्या मागे बांधून नेण्यापासून मी सुरुवात केली. ओंडक्यावर कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्याची मागची बोथट बाजू, मारून आवाज ऐकला की आत पोकळ आहे का भरीव, हे मला कळतं. विकणारा पोटच्या पोराची शपथ घेऊ दे, मी कानावर विश्वास ठेवतो. या धंद्यात मला कोणी फसवलेलं नाही, आणि ज्यांनी प्रयत्न केला त्यांच्याशी मी भर रस्त्यात भांडलो आहे. गावात माझं नाव काढलं की लोक आधी माझ्या रागाबद्दल बोलतात आणि मग लाकडाबद्दल.

असा मी. आणि मला एका दगडाने फसवलं.

केंद्र सुरू झालं तेव्हा तिथे काही नव्हतं. नदीकाठची पडीक सरकारी जमीन, एक पत्र्याची खोली, आणि तीन शास्त्रज्ञ. एक मोठे साहेब, केंद्राचे प्रमुख. एक मातीचे जाणकार. त्यांना इथला उन्हाळा सोसला नाही आणि ते लवकरच बदली करून घेऊन गेले. आणि तिसऱ्या, विदर्भातून आलेल्या एक बाई, तेव्हा तरुण, अंगाने काटकुळ्या, डोक्यावर कायम पुरुषी टोपी. इलुप्पैची, सागाची, शिवणाची रोपं त्यांनी ओळीने लावली. इलुप्पै म्हणजे आमच्याकडचा मोह. देवळातल्या दिव्यांना पूर्वी याच्याच बियांचं तेल असे. प्रत्येक झाडाला नंबरचा पत्रा आणि दर काही महिन्यांनी छातीच्या उंचीवर टेप लावून घेर मोजायचा. कुठल्या ओळीला पाणी द्यायचं, कुठल्या ओळीला मुद्दाम द्यायचं नाही, असा त्यांचा हिशेब. गावातल्या लोकांना ही माणसं जरा खुळी वाटत. झाडाला पाणी न देण्यासाठी सरकार पगार देतं, हे कोणाला पटेल?

त्यांना लागणाऱ्या खुंट्या आणि रोपांच्या पेट्या मी पुरवत असे. बाई पेटीची फळी उलटीसुलटी करून पाहत आणि भाव पाडत. मला ते आवडलं. एकदा तमिळमध्ये घासाघीस करता करता वैतागून त्या स्वतःशीच मराठीत काहीतरी पुटपुटल्या आणि मी मराठीतच उत्तर दिलं. त्या उडाल्याच.

मी त्यांना घरी घेऊन गेलो. आईने दारातच विचारलं, "कोण बाई तुमी? कोठल्या?"

बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, "अहो, तुम्ही अगदी माझ्या पणजीसारखं बोलता."

"मग पणजीच्या पायां पड आणि जेवायास बस," आई म्हणाली.

त्या दिवसापासून त्या आमच्या घरच्या झाल्या. मला बहीण नव्हती. मी त्यांना आक्का म्हणू लागलो. शहरातल्या भाड्याच्या खोलीत त्या एकट्या राहत, आणि रविवारी आमच्याकडे केळीच्या पानावर बसून आईच्या हातची डांगर पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, खात. आमची मराठी भाषा तंजावरच्या मराठा राजांच्या काळात इकडे आली आणि इथेच राहून गेली. तिच्यात निम्मं तमिळ मिसळलं आहे. आक्का तिला हसत, पण प्रेमाने. जुनी मासिकं आणून देत आणि मी ती अडखळत वाचत असे. आज ज्या मराठीत मी लिहितो आहे ती त्यांचीच देणगी. त्यांच्याविरुद्धची तक्रारही मला त्यांनीच शिकवलेल्या भाषेत मांडावी लागते.

केंद्राच्या जमिनीला कुंपण नव्हतं. आक्का जेवताना दर वेळी तेच सांगत: शेळ्यांनी ओळच्या ओळ खाल्ली, सरपणवाल्यांनी खुंट्यासुद्धा उपटून नेल्या. वरून पैसे येत नव्हते. मोठे साहेब पत्रं लिहून थकले होते. मग अचानक हे रडगाणं थांबलं. आम्ही विचारलंही नाही. आम्हाला वाटलं, कुंपण आलं असेल.

त्याच सुमारास केंद्राच्या आवारात एका इलुप्पैच्या बुंध्याशी देवी प्रकट झाल्याचं आमच्या मोलकरणीने सांगितलं. हळदीने माखलेली शिळा, शेजारी लोखंडी शूल, त्याच्या टोकाला लिंबू. आसपासच्या वाड्यांतल्या बायका जाऊ लागल्या. देवीचं नावही कळलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते माझ्या मुलीचं नाव आहे.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं. तंजावरच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तपासून सांगितलं होतं की दोष कोणातच नाही, वाट पाहा. वाट पाहा हे सांगायला कोणाचं काय जातं? नातेवाईक बायकोला ओटीभरणाला बोलवेनासे झाले. मग आई तिला शुक्रवारी त्या झाडाकडे घेऊन जाऊ लागली. दोघी कळशी घेऊन जात. बुंध्याशी पाणी, मग दूध, मग घाण्यावरची पेंड भिजवून. आमच्याकडे मूल मागायचं तर झाडाला छोटा पाळणा बांधतात. बाजारात लाकडाचे तुकडे ठोकून केलेले पाळणे मिळतात, पण मी लाकूडवाला. मी फणसाच्या लाकडाचा पाळणा स्वतः केला, बोटाएवढ्या दांड्या कानशीने घासून गुळगुळीत केल्या, आणि स्वतः फांदीला बांधला. तोवर मी देवळात गेलो तरी चपलांकडे लक्ष ठेवणारा माणूस होतो. त्या दिवशी मी त्या दगडापुढे आडवा झालो. कपाळाला माती लागलेली मी पुसली नाही.

पुढच्या वर्षी मुलगी झाली.

आईने नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. ज्या देवीने दिली तिचंच नाव द्यायचं. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. बारसं घरीच केलं. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं असतं. मला बहीण नाही म्हणून ते काम आक्कांकडे आलं. त्यांनी नऊवारी नाही पण चांगली रेशमी साडी नेसली होती, तिरुभुवनमची, आईनेच दिलेली. त्या पाळण्यावर वाकल्या आणि तिच्या कानात ते नाव बोलल्या. बायकांनी त्यांच्या पाठीवर रीतीप्रमाणे हलके बुक्के मारले. त्या हसल्या. मला आठवतं, त्यांना नाव उच्चारायला जरा वेळ लागला होता. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

त्यानंतर लवकरच त्यांची बदली झाली. दिवाळीला फोन येत असे. आई गेली तेव्हा त्या येऊ शकल्या नाहीत, पण फोनवर खूप रडल्या.

आता या वर्षीची गोष्ट. केंद्रात नवी इमारत होणार म्हणून समारंभ ठेवला होता. पहिल्या दिवसांच्या आठवणी सांगायला आक्कांना नागपूरहून बोलावलं होतं. मोठे साहेब आता नाहीत. केंद्राचे सध्याचे अधिकारी स्वतः माझ्या वखारीत निमंत्रण द्यायला आले आणि म्हणाले, तुम्ही तर आमच्या केंद्राचे सगळ्यात जुने स्नेही, पहिल्या रांगेत बसायचं. मी बायकोला आणि मुलीला घेऊन गेलो. मुलगी एका शाळेत शिकवते. तिने रजा घेतली. आक्कांसाठी बायकोने डांगर पच्चडीचा डबा नेला होता. दालन भरलेलं होतं. कॉलेजची मुलं, वनखात्याची माणसं, आणि मागे आसपासच्या वाड्यांतली बरीच माणसं. त्यांना मुद्दाम गाडी पाठवून आणलं होतं. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही.

आक्का आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, पण बोलण्यात धार तीच. त्या तमिळमध्ये बोलल्या, मोडक्यातोडक्या, आणि लोकांना ते फार आवडलं. पत्र्याची खोली, शेळ्या, न आलेलं कुंपण. मग म्हणाल्या, आता एक गंमत सांगते. मोठ्या साहेबांनी डोकं लढवलं. हद्दीसाठी आणलेला एक सरकारी दगड उरला होता, नंबर कोरलेला. नंबराची बाजू जमिनीत गाडली. लोहाराकडून शूल आणला. हळद हवी होती, ती मी एका ओळखीच्या घरून मागून आणली. त्या माउलीला वाटलं, मला खोकला झालाय. तिने दुधात घालायला सुंठही दिली.

दालन हसलं.

आठवड्याभरात तिथे मोगऱ्याचे गजरे दिसू लागले, आक्का सांगत होत्या. एक बाई येऊन विचारू लागली, या देवीआईचं नाव काय? मोठे साहेब गडबडले. समोर केंद्राची दुभती गाय बांधलेली होती. तिचं जे नाव, तेच त्यांनी सांगून टाकलं.

आणि आक्कांनी ते नाव घेतलं.

सगळं दालन खो खो हसलं. मीही हसलो.

हे मला लिहायलाच हवं. मी हसलो. मोठ्याने, मान मागे टाकून, पहिल्या रांगेत. कॉलेजची पोरं हसत होती, अधिकारी मांडीवर थाप मारत होते, आणि गोष्ट खरंच चांगली सांगितली होती. नाव कानावर पडलं आणि मनात उतरेपर्यंत माझं तोंड हसून मोकळं झालं होतं. मग मी बायकोकडे वळलो. ती डबा मांडीवर धरून सरळ समोर पाहत होती. मुलगी पायाकडे पाहत होती. माझ्या मागच्या रांगेतला एक माणूस, आमच्या ओळखीचाच, वाकून दुसऱ्याला काहीतरी सांगत होता आणि माझ्या मुलीच्या पाठीकडे बोट करत होता.

माझ्या कानशिलांत जी आग पेटली ती अजून विझलेली नाही. कोणी माझ्या ताजव्यात लोहचुंबक लावलं असतं तरी मला इतकी लाज वाटली नसती. तिथे मी निदान हात धरला असता. इथे मी स्वतःच टाळी दिली.

चहाच्या वेळी मी आक्कांना गाठलं. त्यांनी मला पाहून हात पुढे केले. मी तसाच उभा राहिलो.

"हळद कोणाच्या घरची?" मी विचारलं.

त्या हसू अर्धवट ठेवून म्हणाल्या, "अरे, गंमत म्हणून सांगितलं. इतकी वर्षं झाली त्याला."

"गंमत तुमची. नाव माझ्या मुलीचं. आणि ते तिच्या कानात सांगितलं कोणी?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग सांगू लागल्या की आईने नाव ठरवलं होतं, घर माणसांनी भरलेलं होतं, बाळ पाळण्यात होतं, त्या वेळी त्यांनी काय सांगायचं होतं? दगड तर मोठ्या साहेबांनी बसवला, नावही त्यांनीच दिलं.

मी म्हणालो, "आक्का, मी लाकूड घेतो-विकतो. किडका माल सापडला की तो मेलेल्या माणसाच्या वखारीतून आला असं सगळेच सांगतात."

हे त्यांना लागलं. मला ते हवंच होतं. मग हळू आवाजात, मी विचारलंही नव्हतं ते सांगू लागल्या. म्हणाल्या, आम्हीही फसलो रे. ज्या इलुप्पैखाली दगड ठेवला ती ओळ पाणी न देण्याची होती. कोरड्यावर कुठलं झाड तगतं ते पाहायचं होतं. त्या ओळीतलं तेवढंच एक झाड सगळ्यांना मागे टाकून फोफावलं. दर वेळी टेप लावला की मोठे साहेब खूश. कोरड्या जमिनीवरचं उत्तम झाड म्हणून त्यांनी ते वर कळवलं आणि त्याचं बी लांब लांब गेलं, दुष्काळी भागांतसुद्धा. बायकांच्या कळश्या कोणी मोजल्याच नाहीत. दूध नाही, पेंड नाही.

"तुमच्या लक्षात आलं नाही?"

"माझ्या लगेच आलं. तुझी आई आणि बायको दर शुक्रवारी कळश्या घेऊन येताना मी पाहत होते."

"मग?"

"मग काय. मी ते बोलले असते तर दगडाचंही बोलावं लागलं असतं."

म्हणजे माझी बायको ज्या वेळी मूल मागत होती, त्या वेळी ही माणसं तिच्या कळशीतल्या पाण्याने वाढलेलं झाड स्वतःची हुशारी म्हणून मोजत होती. आणि जिथे ते बी गेलं, तिथे कळशी घेऊन येणारं कोणी नव्हतं. तिथली रोपं वाळली असतील. मी त्यांना तसं विचारलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही.

एवढ्यात अधिकारी आले. त्यांच्या कानावर काहीतरी गेलं असावं. मोठ्या आपलेपणाने मला तमिळमध्ये म्हणाले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, गाय म्हणजे लक्ष्मीच की. मी म्हणालो, मग तुमच्या मुलीला हे नाव ठेवा. ते हसले आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.

त्यांची पाठ फिरताच आक्का मराठीत म्हणाल्या, मराठीत म्हणजे त्यांना कळू नये म्हणून, "मला यांनीच सांगायला लावलं. ते झाड नव्या इमारतीच्या जागेत येतं. लोक कुऱ्हाड लावू देत नाहीत. म्हणाले, तुम्हीच खरं काय ते सांगून टाका, तुमचं ऐकतील."

तेव्हा मला वाड्यांतली माणसं गाडी पाठवून का आणली होती ते कळलं. देवी बसवली तेव्हा आम्हाला न विचारता बसवली, कारण झाड वाचवायचं होतं. आता उठवायची तीही आम्हाला न विचारता, कारण झाड पाडायचं आहे. दोन्ही वेळा आमचा भोळेपणा हेच त्यांचं अवजार. व्यापारात मी अशा माणसाला दुसऱ्यांदा वखारीची पायरी चढू देत नाही.

बायकोने डबा आणून आक्कांच्या हातात दिला, आणि मी तो परत घ्यायला गेलो. बायकोने त्यांच्यासाठी केलेला तो डबा मी त्यांच्या हातातून ओढू लागलो, सगळ्यांसमोर. आक्कांनी सोडला नाही. क्षणभर आम्ही दोघं म्हातारी माणसं एका डब्याची ओढाताण करत होतो. मग बायको पुढे आली, माझी बोटं सोडवली, डबा त्यांना दिला आणि म्हणाली, "आक्का, उद्यांपर्यंत राहणार नाही तो. आजच खा." आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

घरी येईपर्यंत गाडीत मी एकटाच बोलत होतो. मी अधिकाऱ्याला शिव्या देत होतो, आक्कांना देत होतो, मेलेल्या साहेबांना देत होतो. घरात आल्यावर बायको म्हणाली, "देवी होती की नव्हती तें मी पाहीन. तुमी कां हांसलां तें सांगा."

मी सांगितलं की सगळेच हसत होते. मी सांगितलं की नाव नीट ऐकूच आलं नाही. ती ऐकत राहिली. भाव करताना समोरचा गप्प राहिला की माणूस आपणहून खाली येत जातो, हे मला माहीत आहे. मी आयुष्यभर तेच केलं आहे. मी खाली येत गेलो. शेवटी ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिला अजून उत्तर मिळालेलं नाही.

पुढे काय झालं तर वाड्यांतल्या लोकांनी ती गोष्ट मानलीच नाही. नागपूरच्या म्हातारीच्या तोंडून देवीच बोलली, आपली परीक्षा पाहायला, असं ते म्हणतात. गायीच्या रूपात तिने आपलं नाव आधीच सांगून ठेवलं होतं, साहेबाला ते कळलं नाही एवढंच. आता तिथे पूर्वीपेक्षा जास्त गर्दी होते. बायको शुक्रवारी जाते, पण माझ्या गाडीतून जात नाही. बसने जाते. विचारलं तर म्हणते, तुमचं काम तेथें काय?

मात्र शहरात ती गोष्ट गंमत म्हणूनच पसरली. कोणीतरी भाषण मोबाइलवर घेतलं होतं. ते आमच्या नातेवाइकांच्या गटात आलं, खाली हसणारे चेहरे. गोविंदपुरमला भजनाला गेलो तर एका आप्ताने मुलीची चौकशी करताना नाव घेतलं आणि मध्येच थांबून खोकला. मी टाळ खाली ठेवून उठून आलो. शाळेत मुलीने फळ्याकडे पाठ केली की मागच्या बाकावरून गायीचा आवाज येतो. तिने हे मला सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीने सांगितलं. मी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी भांडायला निघालो, तेव्हा मुलीने मला दारात अडवलं.

"अप्पा, तिथे येऊन ओरडू नका. मग तेही मला ऐकावं लागेल."

मग ती म्हणाली की ती नाव बदलायचा विचार करते आहे. वकिलाला विचारलं आहे, कठीण नाही. पण तिला आधी एक गोष्ट समजायला हवी. तिला गायीचं वाईट वाटत नाही, दगडाचंही नाही. आजीने मनापासून ठेवलेलं नाव आहे, ते ती आयुष्यभर वागवायला तयार आहे. पण ज्या बाईला ते कुठून आलं हे ठाऊक होतं, ती तिच्या कानाशी वाकली तेव्हा तिच्या मनात काय होतं? कीव होती, की हसू? "हसू असेल तर मी हे नाव ठेवणार नाही," ती म्हणाली.

मी फोन केला. आक्कांनी उचलला नाही. पुन्हा केला. त्यांच्या भाच्याने उचलला आणि सांगितलं, त्यांना बरं नाही, त्रास देऊ नका.

आणि गेल्या आठवड्यात अधिकारी वखारीत आले. समोर बसले, कॉफी घेतली आणि म्हणाले, स्थानिक मजूर त्या झाडाला हात लावणार नाहीत, तुमच्याकडे बाहेरची माणसं आहेत, तुम्हीच पाडून न्या, लाकूड तुमचं. तुम्हाला तर आता खरं काय ते ठाऊक आहे. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बुंध्याचा घेर किती?"

मला ते विचारायचं नव्हतं. झाड दाखवलं की घेर विचारायचा, ही माझ्या जिभेला लागलेली सवय आहे. पण कोपऱ्यात मुलगी बिलं करत बसली होती. तिने वर पाहिलं नाही. तिचा लिहिता हात तेवढा थांबला. मी अधिकाऱ्याला तिथल्या तिथे हाकललं, जे तोंडाला येईल ते बोललो, रस्त्यावरची माणसं जमा झाली. पण घेर मी विचारून बसलो होतो. दालनात हसलो तेव्हा आणि वखारीत विचारलं तेव्हा, दोन्ही वेळा माझी मुलगी हाताच्या अंतरावर होती. मला आता तिच्यासमोर जेवायला बसणं जड जातं.

माझ्या वाट्याची लाज माझी मी भोगतो आहे. तिचा भाव पाडून मागत नाही. पण दुसऱ्याच्या वाट्याची मी घेणार नाही. अधिकारी म्हणतात, ते माझ्या आधीचं प्रकरण. खातं म्हणतं, असा दगड आमच्या दप्तरी नाही. मोठे साहेब गेले.

उरल्या तुम्ही, आक्का. तुम्हाला मराठी वाचता येते. म्हणूनच मी हे मराठीत लिहिलं. भाच्याच्या आड राहू नका. बरं नसेल तर मी मुलीला घेऊन नागपूरला येतो, तिकिटं काढायला मला वेळ लागत नाही. ती तुमच्यासमोर बसेल आणि तुम्हाला एकच गोष्ट विचारेल, जी तिने मला विचारली. मी मध्ये बोलणार नाही. मोठ्या साहेबांचं नाव न घेता, गंमत न करता, तिच्याकडे पाहून तिला उत्तर द्या.